कढीपत्त्यावरची अळी ते फुलपाखरू: लहान मुलांसोबत घरी किडे पाहण्याची नीट पद्धत

पावसाळा लागला की मुंबईतल्या अनेक घरांत एक बरणी दिसू लागते. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, तळाला चार-पाच कुठलीतरी पानं आणि मध्ये एक अळी. तीन-चार दिवसांत अळी मरते, मूल हिरमुसतं आणि घरातले म्हणतात, ‘किडे घरात जगत नाहीत.’ ते जगतात. अळी मरते ती बहुतेक वेळा चुकीच्या पानांमुळे, बरणीतल्या दमटपणामुळे किंवा रात्री लावलेल्या मच्छरांच्या लिक्विडमुळे. ही तिन्ही कारणं टाळता येतात, पण त्यासाठी तयारी अळी आणण्याच्या आधी करावी लागते.

हा लेख तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. मुख्य भाग कढीपत्त्यावरच्या अळीचा आहे, कारण मुंबईत ती सहज मिळते, तिला विषारी केस नसतात, ती चावत नाही आणि अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास साधारण महिनाभरात डोळ्यांसमोर होतो. शेवटी मुंग्या आणि गांडुळं यांचे दोन छोटे प्रयोग आहेत. ते अळीची वाट पाहण्याच्या दिवसांत करता येतात.

टप्पा १: कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवा

मुलाच्या हातात भिंग देण्याआधी हे बोलणं झालं पाहिजे. लहान मुलाला लांब यादी लक्षात राहत नाही, म्हणून नियम एकच ठेवा: मोठ्यांना विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही, डोळ्यांनी हवं तेवढं पाहायचं. मोठ्यांना मात्र पुढची माहिती पाठ हवी.

केसाळ सुरवंट अजिबात नाहीत. सोसायटीच्या आवारात शेवगा असेल तर पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे बसलेले दिसतात. त्यांचे केस त्वचेत घुसून आग आणि खाज सुटते. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद उचला, मग साबण-पाण्याने धुवा आणि बर्फ लावा.

घोण चावते आणि चांगलंच दुखतं. तिच्यासारखा दिसणारा वाणी, ज्याला पुष्कळ जण पैसा म्हणतात, हात लावताच गुंडाळी करतो. तो चावत नाही, पण काही जातींच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने बोटांवर डाग पडतात आणि तेच बोट डोळ्यात गेलं तर जळजळ होते. फरक ओळखायला शरीराचा एकेक खंड पाहा: घोणीला प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी असते, वाण्याला बहुतेक खंडांवर दोन. अर्थात हे मोजायचं ते फोटो मोठा करून.

मोठी आफ्रिकन गोगलगाय मुंबईच्या बागांमधून पावसाळाभर फिरते. तिच्यात माणसाला आजारी पाडणारे सूक्ष्म कृमी असू शकतात, म्हणून ती उघड्या हाताने उचलायची नाही. गांधीलमाश्यांचं घर, मधमाश्यांचं पोळं आणि पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या यांच्याजवळ मुलाला नेऊच नका. माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरळ रुग्णालयात जा.

रुईवरच्या आणि कण्हेरीवरच्या अळ्याही सुंदर असतात. तरी लहान मुलांसोबत त्या नकोत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते आणि कण्हेरीचं पान विषारी आहे. कढीपत्ता हे स्वयंपाकघरातलं पान, म्हणून ते सर्वांत सुरक्षित.

टप्पा २: आधी झाड, मग अळी

सर्वाधिक चुका इथेच होतात. अळी मिळाली की मूल ती घेऊन घरी येतं आणि मग पानांची शोधाशोध सुरू होते. कोबी, मेथी, पालक, जे फ्रीजमध्ये असेल ते घातलं जातं. ही अळी लिंबाच्या कुळातलीच पानं खाते: कढीपत्ता, लिंबू, बेल. दुसरं पान समोर ठेवलं तर ती उपाशी राहते.

बाजारातून आणलेली कढीपत्त्याची जुडी वापरू नका. तिच्यावर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. माणसाला धुऊन खाल्लेलं पान चालून जातं, पण दोन मिलिमीटरच्या अळीला तेवढा अंशही पुरतो. नर्सरीतून नुकतं आणलेलं रोपही लगेच उपयोगाचं नाही, कारण त्यावर औषध मारलेलं असू शकतं. रोप आणल्यावर किमान महिनाभर थांबा आणि घरी आल्यानंतर फुटलेली पानंच वापरा.

झाडाची तयारी अशी करा:

१. बारा इंचाच्या दोन कुंड्यांत एकेक कढीपत्ता लावा. दोन अळ्या मोठ्या होताना एक लहान रोप पूर्ण बोडकं करू शकतात, म्हणून दुसरं हवंच.

२. रोज चार-पाच तास ऊन येईल अशी खिडकी किंवा ग्रिल निवडा.

३. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शेंडे खुडा. पावसाबरोबर कोवळी पालवी फुटते आणि मादी अंडी घालते ती मुख्यतः कोवळ्या पानांवर.

४. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ताटली रोज रिकामी करा, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा.

वरच्या मजल्यांवर फुलपाखरं कमी येतात. तुमच्या खिडकीत कोणी फिरकलं नाही, तर सोसायटीच्या बागेतला किंवा तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा कढीपत्ता पाहा. पान तोडण्याआधी माळीकाकांना विचारा आणि त्या झाडावर शेवटचं औषध कधी मारलं तेही विचारून घ्या. राष्ट्रीय उद्यानातून मात्र अंडं, अळी, पान, काहीही आणायचं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाहायला जा, वेचायला नको. उद्यानातल्या जिवांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे आणि मुलाला हे तिथल्या पहिल्याच फेरीत कळलेलं बरं.

तपासा: दोन्ही झाडं हिरवी आहेत, कोवळी पालवी आहे, महिनाभरात कसलीही फवारणी झालेली नाही. यातलं एक जरी नसेल तरी अळी आणू नका.

टप्पा ३: अळीचं घर

झाकणाला भोकं पाडलेली बरणी हा प्रकार सोडून द्या. भोकं कितीही पाडली तरी पानांमधून निघणारी वाफ आतच राहते, काचेवर थेंब जमतात, लेंड्यांना बुरशी येते आणि अळी सडते. मुंबईच्या जुलैमध्ये हे एका रात्रीत होऊ शकतं. शिवाय खिळ्याने पाडलेल्या भोकांच्या कडा आतल्या बाजूने धारदार असतात.

लागणारं सामान:

– रुंद तोंडाचा पारदर्शक डबा, उंची किमान २५ सेंटिमीटर. उंची का, ते टप्पा ७ मध्ये येईल.
– तोंडावर बांधायला मच्छरदाणीचं कापड आणि जाड रबरबँड. जुन्या मच्छरदाणीला औषध लावलेलं असेल तर ती नको.
– तळाला घालायला टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र.
– औषधाची छोटी रिकामी बाटली, नीट धुतलेली. तिच्यात पाणी भरून कढीपत्त्याची काडी खोचायची.
– बाटलीचं तोंड बुजवायला कापूस.
– चित्रकलेचा मऊ ब्रश, भिंग, मोजपट्टी, वही.
– खरबरीत सालीची एक वाळकी काडी, डब्यात तिरपी उभी राहील एवढी.

बाटलीचं तोंड कापसाने गच्च बुजवणं ही छोटी वाटणारी पायरी कधीही गाळू नका. अळी काडीवरून खाली उतरत येते, पाण्यात पडते आणि बुडते.

डबा कुठे ठेवायचा? उजेड हवा, थेट ऊन नको. बंद खिडकीच्या काचेमागे उन्हात ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा अर्ध्या तासात आतून तापतो. एसीच्या झोताखालीही नको. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा उत्तम. म्हणजे त्याला प्रत्येक वेळी ‘मला दाखव ना’ म्हणून मागे लागावं लागणार नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून डब्याच्या बाहेरच्या बाजूला, तळापासून दोन बोटं वर, पेट्रोलियम जेलीचा गोल पट्टा ओढा. मुंग्यांचा खडू वापरू नका, तो अळीलाही मारतो.

सावधान: मच्छरांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल यांतली औषधं कीटकांसाठीच बनवलेली असतात आणि अळी कीटक आहे. डबा ज्या खोलीत आहे तिथे यांपैकी काहीही नको. सोसायटीत किंवा रस्त्यावर धुरफवारणी होणार असेल तर खिडक्या लावून डबा घराच्या आतल्या खोलीत न्या. मच्छरांचं क्रीम लावलेल्या हाताने पान बदलू नका, आधी साबणाने धुवा.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मावशी बाल्कनी झाडताना डबा रिकामा करतात किंवा आजोबा ‘शी, अळी!’ म्हणून पान खिडकीबाहेर टाकतात, असं फार वेळा घडतं. मुलाच्या हस्ताक्षरात ‘इथे अळी राहते’ अशी चिठ्ठी डब्यावर लावली की काम होतं. आणि ‘ई!’, ‘शी!’ हे उद्गार त्या कोपऱ्यापुरते तरी आवरा. लहान मूल किळस मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकतं, फार पटकन शिकतं आणि ती पुढे घालवणं अवघड जातं.

टप्पा ४: अंडं किंवा लहान अळी शोधणं

मोठी, हिरवी अळी दिसली की मुलं हरखतात. तरी आणायला अंडं किंवा अगदी लहान अळी निवडा. बाहेर बरेच दिवस काढलेल्या अळीच्या अंगात परजीवी गांधीलमाशीने किंवा माशीने आधीच अंडी घातलेली असण्याची शक्यता जास्त. मग तुम्ही सगळं नीट केलंत तरी शेवटी फुलपाखरू येत नाही.

१. सकाळी दहाच्या सुमारास झाडाजवळ जा. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं, शेपटी नसलेलं लिंबाळी किंवा काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेलं बहुरूपी फुलपाखरू पानांभोवती घुटमळताना दिसलं, तर ते कुठे टेकतं याकडे लक्ष ठेवा. दोघांच्या अळ्या कढीपत्त्यावर वाढतात आणि दोघांना सांभाळायची पद्धत एकच आहे.

२. कोवळ्या पानाच्या दोन्ही बाजू पाहा. अंडं बारीक मोहरीएवढं, गोल, फिकट पिवळं आणि सुटं असतं. मुलांची नजर जवळचं पाहायला तीक्ष्ण असते, हे काम त्यांनाच द्या.

३. लहान अळी काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, चकाकणारी. पक्ष्याची शीट पडल्यासारखी ती दिसते आणि त्यामुळेच पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. हे लगेच सांगू नका. ‘हे काय असेल?’ एवढंच विचारा आणि थांबा.

४. पानासकट काडी कापून आणा. अळी बोटांनी ओढून काढायची नाही. तिने पानावर रेशमाची बारीक गादी विणलेली असते आणि ती पाय रोवून बसलेली असते. ओढलं की पाय दुखावतात.

एका डब्यात दोन अळ्या, फार तर तीन. जास्त ठेवल्या की लेंड्या वाढतात, पानं कमी पडतात आणि एकीचा आजार सगळ्यांना लागतो.

टप्पा ५: रोजचे दहा मिनिटांचे काम

हे रोज एकाच वेळी करा. शाळेतून आल्यावर, खाण्याआधी, ही वेळ बहुतेक घरांत जमते. क्रमही तोच ठेवा.

१. आधी पाहा. डबा न उघडता, दोन मिनिटं. मूल जे सांगेल ते ऐका.

२. मुलाला वहीत चित्र काढू द्या. मोबाइलचा फोटो नंतर. आधी फोटो काढला की मूल स्क्रीनकडे बघतं, अळीकडे नाही.

३. लांबी मोजा. मोजपट्टी डब्याबाहेरून किंवा पानाच्या शेजारी धरायची, अळीला लावायची नाही. सुरुवातीच्या दोन-तीन मिलिमीटरपासून शेवटी जवळपास चार सेंटिमीटरपर्यंत जाईल.

४. ताजी काडी जुनीच्या शेजारी ठेवा. अळी स्वतःहून नव्या पानावर येते. अगदीच आली नाही तर ती बसलेला पानाचा तुकडा कापून नव्या पानावर ठेवा. ब्रशचा उपयोग खाली पडलेली अळी उचलण्यापुरता.

५. तळाचा कागद लेंड्यांसकट बदला. नवा कागद पूर्ण कोरडा हवा. पानं धुतली असतील तर पुसून, वाळवून मगच आत. डब्यात पाणी शिंपडायचं नाही. अळीला पाणी पानातूनच मिळतं.

६. हात साबणाने धुवा. मुलाचेही, तुमचेही.

शेवटच्या पाच-सहा दिवसांत अळी हिरवी होते आणि तिची भूक एकदम वाढते. सकाळी ठेवलेली काडी संध्याकाळी नुसती दांडी उरलेली असते. तेव्हा पानं दिवसातून दोनदा द्यावी लागतात.

*कात टाकणं.* अळी चार वेळा कात टाकते आणि ही वेळ नेमकी न ओळखल्याने अनेक अळ्या जीव गमावतात. कात टाकण्याआधी ती साधारण दिवसभर एकाच जागी बसते, खात नाही, हलत नाही. पालकांना वाटतं ती आजारी आहे. मग तिला उचलून ताज्या पानावर ठेवलं जातं, मूल ब्रशने डिवचून पाहतं. असं केलं की रेशमाच्या गादीवरची पकड सुटते आणि कात अंगावर अडकते. म्हणून नियम: अळी स्थिर बसली आणि अंग घट्ट, टवटवीत असेल तर चोवीस तास हात लावू नका. काळी पडली, लिबलिबीत झाली, वास येऊ लागला, तरच ती आजारी आहे. तेव्हा ती अळी पानासकट बाहेर काढा, डबा साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि उरलेलीला नवा कागद, नवी काडी द्या.

कात टाकून झाल्यावर अळी बऱ्याचदा ती जुनी कातच खाऊन टाकते. अंड्यातून बाहेर आल्यावरही पहिलं खाणं अंड्याचं कवचच. हे पाहायला मिळालं तर मुलाला हाक मारा, जेवण थांबवून हाक मारली तरी चालेल.

*पाय आणि डोळे.* ‘किड्याला सहा पाय’ हे मूल शाळेत शिकून येतं आणि अळीचे पाय मोजतं तेव्हा ते सोळा भरतात. बरेच पालक इथे ‘अळी म्हणजे अजून किडा नाही’ असं सांगून मोकळे होतात. ते चूक आहे. अळी कीटकच आहे. भिंगातून पाहा: डोक्याजवळच्या तीन जोड्या टोकदार आणि सांधे असलेल्या आहेत, तेच खरे सहा पाय. मागच्या पाच जोड्या मऊ, मांसल आणि पकडीसाठी आहेत. फुलपाखरू झाल्यावर त्या राहत नाहीत. मुलाला दोन्ही प्रकार वेगळ्या रंगांत काढू द्या. ही एक गोष्ट नीट कळली तरी महिन्याची मेहनत सार्थकी लागली असं आम्ही मानतो.

तसंच हिरव्या अळीच्या खांद्याजवळ जे दोन मोठे डोळे दिसतात ते डोळे नाहीत, भक्षकाला घाबरवणाऱ्या खुणा आहेत. खरे डोळे खाली वळलेल्या लहानशा डोक्यावर, दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक ठिपक्यांसारखे असतात. अळीला त्रास झाला की डोक्यामागून नारिंगी-लाल, दोन फाट्यांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा दिसलं तर पाहून घ्या. ते पुन्हा पाहायचं म्हणून अळीला टोचायला मुलाला परवानगी देऊ नका. शिंग बाहेर आलं याचा अर्थ ती घाबरली आहे, एवढं चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

टप्पा ६: कोश

अळी झाल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी एक दिवस ती खाणं सोडते, पातळ लेंडी टाकते आणि डबाभर सैरावैरा फिरू लागते. पुन्हा तोच गैरसमज: जुलाब झाले, मरणार. ती कोशासाठी जागा शोधत असते. तिरपी काडी आता आत हवी. फिरून झालं की ती काडीवर किंवा डब्याच्या भिंतीवर स्थिर होते, मागचं टोक चिकटवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक बारीक धागा बांधून घेते. त्यानंतर साधारण एका दिवसात शेवटची कात पडते आणि आत कोश दिसतो, हिरवा किंवा तपकिरी.

या दोन दिवसांत डबा हलवायचा नाही. झाडझूड, कागद बदलणं, सगळं बंद. कोश तयार होऊन एक दिवस गेला की उरलेली पानं काढून घ्या, कोरडा कागद घाला आणि डबा झाकून ठेवा.

कोश खाली पडला तर फेकू नका. जाड कागदाचा बोटभर लांबीचा उघडा शंकू करा, डब्याच्या भिंतीला आतून चिकटवा आणि कोश शेपटीचं टोक खाली, डोकं वर असा त्यात अलगद बसवा. बाहेर येणाऱ्या फुलपाखराला पाय रोवून चढायला शंकूमागे एक खरबरीत कापडाची पट्टी लावा.

फुलपाखरू बाहेर यायला मुंबईच्या उकाड्यात आठ ते बारा दिवस लागतात. थंडीत जास्तही लागतात, म्हणून महिनाभर तरी कोश टाकून देऊ नका. कोशाला बारीक गोल भोक पडलं आणि आतून लहान माश्या निघाल्या, तर परजीवी आधीपासून होता असं समजा. मुलाला ते खरं खरं सांगा: त्या माशीची पिल्लंही कुठेतरी वाढतातच आणि या वेळी ती इथे वाढली. ‘फुलपाखरू रात्री उडून गेलं’ ही थाप मारू नका. मूल रिकामा कोश पाहील आणि भोक कुठे आहे तेही पाहील.

टप्पा ७: बाहेर येणं आणि सोडणं

आदल्या दिवशी कोश गडद होतो आणि सालीतून पंखांची नक्षी दिसू लागते. त्या रात्री मुलाला लवकर झोपवा, कारण बहुतेक फुलपाखरं सकाळी लवकर बाहेर येतात.

बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले, ओले असतात. फुलपाखरू वर चढून उलटं लटकतं आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतं. त्यासाठी खाली मोकळी जागा लागते, म्हणून डबा उंच सांगितला. बुटक्या डब्यात पंख तळाला टेकतात, वाकडे वाळतात आणि ते फुलपाखरू कधीच उडू शकत नाही. पंख उलगडायला सुमारे अर्धा तास आणि कडक व्हायला दोन-तीन तास लागतात. या वेळेत बोट पुढे करायचं नाही, फुंकर मारायची नाही, पंखा बंद.

तळाच्या कागदावर तांबूस-तपकिरी थेंब पडतील. मुलं घाबरतात. ते रक्त नाही, कोशात साठलेला मळ आहे.

सोडायची वेळ: पाऊस नसलेली सकाळ, साधारण नऊ ते अकरा. डबा कढीपत्त्याजवळ किंवा एक्झोरा, घाणेरी, झेंडू अशा फुलांजवळ नेऊन जाळी काढा आणि बाजूला व्हा. ते आपणहून जातं. पाऊस लागून राहिला तर एक दिवस सावलीत थांबवता येतं. तेव्हा एक चमचा साखर दहा चमचे पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेला कापूस आत ठेवा. त्याहून जास्त दिवस ठेवू नका, पंख जाळीवर आपटून फाटतात.

वाट पाहण्याच्या दिवसांत: दोन छोटे प्रयोग

मुंग्यांची वाट. खिडकीच्या कठड्यावर लहान काळ्या मुंग्यांची रांग शोधा. स्वयंपाकघरात नको आणि चावणाऱ्या लाल मुंग्यांवर नको.

१. रांगेवर आडवी येईल अशी जाड कागदाची पट्टी ठेवा, शेजारी दोन दाणे साखर.

२. मुंग्या पट्टीवरून सरळ ये-जा करू लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबा.

३. आता पट्टी काटकोनात फिरवा. ‘काय होईल?’ हे फिरवण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

मुंग्या पट्टीच्या कडेशी गोंधळतात, कारण त्या जमिनीवर सोडलेल्या वासाच्या मागाने चालतात आणि मागाचा तुकडा आपण वळवला आहे. फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घाई: माग पक्का व्हायच्या आतच पट्टी फिरवली जाते. झाल्यावर साखर काढा आणि जागा ओल्या फडक्याने पुसा.

गांडुळांची बाटली. दीड लिटरची बाटली वरून कापा. कडेला चिकटपट्टी लावा, म्हणजे बोट कापणार नाही. कुंडीतली माती आणि धुतलेली वाळू यांचे तीन-तीन सेंटिमीटरचे थर आलटून पालटून भरा. चौपाटीची वाळू अजिबात वापरू नका. तिच्यातलं मीठ गांडुळांना मारतं आणि दादर-जुहूला गेलेली मुलं नेमकी तीच बादलीभर घेऊन येतात.

माती किती ओली हवी? मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं. त्वचा कोरडी पडली तर ते मरतं आणि चिखलात हवा उरली नाही तरी मरतं. तीन-चार गांडुळं ओल्या हाताने सोडा, वर वाळका पाला आणि बटाट्याची थोडी सालं पसरा. लिंबू, कांदा, मसाल्याचं उरलेलं अन्न नको. बाटलीला बाहेरून काळा कागद गुंडाळा आणि रोज फक्त पाच मिनिटं काढून पाहा. कागद नसेल तर गांडुळं उजेड टाळून मधोमध राहतात आणि बाटलीच्या कडेला एकही बोगदा दिसत नाही. मग पालक म्हणतात, प्रयोग फसला.

आठवड्याभरात थर एकमेकांत मिसळलेले दिसतील. डोकं कोणत्या बाजूला आहे हे विचारा. मोठ्या गांडुळाच्या अंगावरचा जाड पट्टा ज्या टोकाला जवळ, तिकडे तोंड. दहा दिवस झाले की संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बाटली कढीपत्त्याच्या कुंडीतच रिकामी करा आणि वर थोडा पाला टाका.